एक अस्वलीण बरोबर एक कोहळा

एका जंगलात एक मुंगूस राहायचा, त्याचं नाव शिदबा. त्याची बायको गोजा. त्यांना पोरं बरीच होती. ती एका जागी कधी थांबत नसत, त्यामुळं नक्की किती ते गोजालाही सांगता यायचं नाही. आणि त्याच जंगलात एक गिधाड राहायचं, त्याचं नाव विसोबा. विसोबाचे पंख इतके मोठे, की त्यानं ते पसरले की खाली वाळत घातलेले पापड ओलेच राहायचे.

आता तुम्ही म्हणाल, मुंगसाचा आणि गिधाडाचा काय संबंध? सांगते. जरा दम धरा.

जंगलाच्या कडेला एक खोल दरी होती. दरीच्या पल्याड माळ. अल्याडच्यांना पल्याडची स्थळं चांगली वाटायची आणि पल्याडच्यांना अल्याडची, म्हणून सगळ्यांच्या लेकीबाळी दरी ओलांडून दिलेल्या. येणं-जाणं सारखं चालायचं. पण दरीत नदी होती, नदीत मगरी होत्या, आणि मगरींना पाहुणेरावळे काही कळत नसे. जो येईल त्याला त्या एकाच नजरेनं बघायच्या.

म्हणून विसोबानं कावड सुरू केली. पाठीवर चोचीपासून शेपटीपर्यंत एक लांब बांबू. त्याच्या पुढच्या टोकाला गळ्याखाली एक हारा टांगलेला, मागच्या टोकाला शेपटीखाली दुसरा. हारा म्हणजे मोठी टोपली, तुमच्या घरात कोंबड्या झाकायला असते तिच्याहून पुष्कळ मोठी. त्यात प्रवासी बसायचे, त्यांचं सामान बसायचं, आणि विसोबा कड्यावरून उडी मारून त्यांना पल्याड पोचवायचा.

हारे भरायचं काम शिदबाचं. पुढं जड झालं की विसोबा चोचीवर जायचा. मागं जड झालं की शेपटीवर बसायचा. दोन्हीकडं सारखं झालं की उडायचा. एवढंच त्यातलं शास्त्र.

शिदबा कामाला वाईट नव्हता. पण त्याला भीड फार. "नाही" हा शब्द त्याच्या ओठापर्यंत यायचा आणि तिथूनच माघारी फिरायचा.

ससा म्हणायचा, "शिदबा, एवढीशी पुरचुंडी आहे, ठेव की." पुरचुंडी सशाहून मोठी असायची. शिदबा ठेवायचा.

एकदा सांबराच्या मावशीनं पुढच्या हाऱ्यात चिंचेचं पोतं ठेवलं. वर म्हणाली, "चिंच हलकीच असते." विसोबा पल्याडच्या चिखलात चोचीवर उतरला. चोच अशी रुतली, की ती निघेपर्यंत बेडकांनी त्याच्या नाकपुडीत बिऱ्हाड केलं.

मग एकदा राजाचा मेहुणा बसला होता. राजा म्हणजे वाघ. त्या दिवशी मागं जड झालं, कावड कलली, आणि मेहुणा शेपटीकडून घरंगळून निवडुंगात पडला. मेहुणा पडला याचं वाघाला फारसं दुःख नव्हतं. पण वाघीण बोलायची थांबेना, याचं फार होतं.

वाघानं दरबार भरवला. शिदबाला पुढं बोलावलं.

"तू राहतोस कुठं?"

"कड्याखालच्या बिळात, महाराज. हारे भरणाऱ्याला कामाबरोबर मिळतं ते."

"कसं आहे बीळ?"

"झकास आहे, महाराज. दोन तोंडं आहेत. पावसाळ्यात सगळ्या रानाची बिळं भरतात, पण आमच्यात थेंब येत नाही."

"मग ऐक. पुन्हा कावड कलली, की बीळ खाली करायचं. मी स्वतः कड्यावर बसून बघणार आहे."

शिदबा घरी आला तो शेपूट ओढत. पावसाळा तोंडावर होता. सगळ्यात धाकट्या पोरांचे डोळे अजून उघडले नव्हते. गोजानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग तुम्ही राजाला सांगितलं का, की लोक चोरून सामान घालतात?"

"सांगणार होतो."

"मग?"

"राजा बोलत होता. मधे कसं बोलायचं?"

 गोजानं नुसतं चुलीतलं लाकूड पुढं सारलं, पण ते असं सारलं, की शिदबाला बोलल्यासारखंच वाटलं.

इकडं राजानं आणखी एक काम केलं. कावडीचा तोल बघायला एक कोल्हा नेमला. सगळे त्याला तोलसाहेब म्हणू लागले. तोलसाहेब लांबच्या मुलखात शिकून आले होते. काय शिकून आले, ते कुणी विचारलं नाही, कारण ते बोलताना डोळे मिटायचे, आणि डोळे मिटून बोलणाऱ्याला मधेच विचारायचं कसं?

तोलसाहेबांनी पहिल्याच दिवशी दुखणं शोधून काढलं. जंगलात कुणी आपलं वजन खरं सांगत नव्हतं. रानडुकराला विचारलं, तर तो म्हणाला, "हल्ली मी खाणंच सोडलंय." सशीण लाजली आणि म्हणाली, "इश्श, हे काय विचारणं झालं?" अस्वलिणीला विचारायला एक शिपाई पाठवला होता. तो अजून आला नव्हता.

तोलसाहेबांनी डोळे मिटले. बराच वेळ मिटले. मग म्हणाले, "आजपासून कुणाला वजन विचारायचं नाही. जंगलात चिचुंद्री आहे, अस्वलीण आहे. एक हलकी, एक भारी. दोघींच्या मधलं धरायचं. मधलं म्हणजे एक कोहळा. यापुढं प्रत्येक प्रवासी म्हणजे एक कोहळा."

सगळ्या जंगलाला हे फार पटलं. अस्वलं तर इतकी खूश झाली, की त्यांनी तोलसाहेबांना मधाचं पोळं नेऊन दिलं. चिचुंद्र्या पण खूश झाल्या. कधी नव्हे ते कुणीतरी त्यांना कोहळा म्हटलं होतं.

सामान मात्र जांभळीच्या फांदीला टांगलेल्या तराजूत तोलायचं ठरलं. पण त्यातही एक गोम होती. त्या जंगलाची रीत अशी, की सासरी निघालेल्या लेकीला पाठवणीच्या वेळी जे काही द्यायचं, ते तराजूत घालायचं नाही. मोजलं की माया आटते, असं सगळे मानत. त्यामुळं ते सामान धरतच नसत.

तोलसाहेबांनाही ही रीत मान्य होती. ते म्हणाले, "मायेला वजन नसतं. तसं शास्त्रातच आहे."

आणि मग आला हौसाच्या पाठवणीचा दिवस.

हौसा ही कोंडाबाई अस्वलिणीची एकुलती एक लेक. पल्याडच्या माळावर दिलेली. अंगानं बापावर गेली होती. हौसाबरोबर पाठराखीण म्हणून तिची आजी निघाली. पाठराखीण म्हणजे नवरीला सोबत. आजीचं अंग आता झडलं होतं, कातडी तेवढी पूर्वीच्या मापाची राहिली होती. आणि करवल्या म्हणून चार चिचुंद्र्या निघाल्या, कारण हौसाच्या मैत्रिणी त्याच.

सकाळी निघताना गोजानं शिदबाला बजावलं, "आज कुणी काही घालायला आलं, तर तोंड उघडा. नुसतं म्हणायचं, जागा नाही. म्हणून दाखवा बघू."

"जागा," शिदबा म्हणाला.

"पुढं?"

"पुढचं कड्यावर गेल्यावर म्हणतो."

कड्यावर सगळं जंगल लोटलं होतं. राजा वडाच्या पारावर बसला होता, शेजारी वाघीण, तिच्या शेजारी मेहुणा. मेहुण्याच्या अंगात अजून काटे होते.

हौसा मागच्या हाऱ्यात बसली. तिथं नवरी मागंच बसते. का, तर माहेर दिसेनासं होईपर्यंत दिसत राहावं म्हणून. आजी तिच्या शेजारी बसली. चारी चिचुंद्र्या पुढच्या हाऱ्यात.

मग माया सुरू झाली.

सांबराच्या मावशीनं फणस आणला. माकडांनी केळीचा घड आणला, त्यातली वाटेत थोडी कमी झाली होती. साळिंदरानं कंदाची पाटी आणली, अस्वलांनी मधाचं गाडगं आणलं. घोरपड काहीच आणत नसते, पण तिनंही उंबरं आणली. सगळ्यांनी हौसाच्या गालावरून हात फिरवला, डोळे पुसले आणि आपापलं गाठोडं मागच्या हाऱ्यात सोडलं.

प्रत्येक गाठोड्यासरशी विसोबाची चोच थोडी वर जात होती.

शिदबा प्रत्येकाला "जागा" म्हणत होता. लोकांना वाटलं, तो जागा दाखवतोय. त्यामुळं ते आणखी आत सारून ठेवत होते.

शेवटी कोंडाबाई आली. तिच्या डोक्यावर दगडी जातं होतं.

शिदबाला घाम फुटला. "कोंडाकाकू, हे जातं आहे."

"मग काय पाट आहे होय? मला दिसतंय की जातं आहे."

"जड असतं ते."

"शिदबा," कोंडाबाई म्हणाली, "माझ्या आईनं मला दिलं होतं. उद्या सासरी दुसऱ्याच्या जात्यावर दळायची वेळ आली माझ्या लेकीवर, तर लोक कुणाला बोलतील? तू सांग. तुलाही पोरी आहेत."

शिदबानं गाठोडी सरकवून जागा केली. जातं मागच्या हाऱ्यात गेलं.

आणि विसोबा शेपटीवर बसला. पाय हवेत, चोच आभाळाकडं, जणू ढगांना पत्ता विचारतोय. पुढचा हारा वर टांगला गेला आणि चिचुंद्र्या त्यातून खाली डोकावून बघू लागल्या.

"तोलसाहेब," विसोबा वर बघत म्हणाला, "माझं काहीतरी चुकतंय."

तोलसाहेब आले. त्यांनी काटकीनं मातीत रेघा ओढल्या. "पुढं चार प्रवासी. म्हणजे चार कोहळे. मागं दोन. दोन कोहळे. पुढं जड आहे."

"पुढं?" विसोबानं विचारलं.

"पुढं. एक चिचुंद्री मागं घ्या."

शिदबानं एका चिचुंद्रीला उतरवून मागं बसवलं. ती दोघी अस्वलिणींच्या मधे गेली आणि दिसेनाशी झाली.

तोलसाहेबांनी पुन्हा रेघा ओढल्या. "पुढं तीन. मागं तीन. आता तोल बरोबर आहे."

"साहेब, मी अजून शेपटीवरच आहे."

"हिशेब बरोबर आहे, विसोबा. तू चुकीचा उभा आहेस."

विसोबानं नीट उभं राहायचा प्रयत्न केला. त्याचं बिचाऱ्याचं मन मोठं. पण मनानं पाय टेकत नाहीत.

राजा पारावर सावरून बसला. मेहुण्यानं एक काटा उपटला आणि शिदबाकडं बघितलं.

 आता याच घडीला विसोबा उडाला असता, तर शेपटीमागं गेला असता आणि त्याच्यामागं शिदबाचं बीळ. तोलसाहेबांना नाही म्हणायचं कसं? कोंडाबाईला जातं काढ म्हणायचं कसं? सगळ्या जंगलात शिदबा ज्यांना काही सांगू शकत होता, अशी फक्त त्याची पोरं होती, आणि ती ऐकत नव्हती.

तो पळत बिळाकडं गेला.

"गोजे, पोरांना घे नि पुढच्या हाऱ्यात बस."

"कुठं जायचंय?"

"कुठं नाही. नुसतं वजन व्हायचंय."

गोजा म्हणाली, "लग्नात म्हणाला होतात, काशीला नेईन."

"ते पुढं बघू. आत्ता पल्याड जाऊन संध्याकाळी घरी. कावड कलली तर घरच राहायचं नाही, गोजे."

गोजानं एक उसासा टाकला. मग पदर खोचला. "आपण सगळी मिळून त्या हौसाच्या एका मांडीएवढी नाही भरत. नुसती आपण बसून काय होणार?"

आणि तिनं घर उचललं. मातीची चूल उचलली. माठ उचलला. खलबत्ता, पाटा, वरवंटा, उखळ, मुसळ, गोधड्यांची वळकटी, सासूनं दिलेला दगडी दिवा. दाराशी पायरी म्हणून एक धोंडा होता, तोही उचलायला लावला. "एवढं केलंय, तर याला कशाला मागं ठेवायचा?" ती म्हणाली.

हे सगळं पुढच्या हाऱ्यात चढताना तोलसाहेबांनी बघितलं. "हे काय? हे प्रवासी आहेत का? मग एकेक कोहळा धरावा लागेल. पुढं फार जड होईल."

"प्रवासी नाहीत, साहेब," शिदबा म्हणाला.

"मग सामान आहे?"

"सामानही नाही. माझा संसार आहे."

तोलसाहेबांनी डोळे मिटले. संसाराचे किती कोहळे, ते शास्त्रात नव्हतं. जे शास्त्रात नाही ते नाही. त्यांनी रेघ ओढली नाही.

चूल चढली तशी विसोबाची चोच जरा खाली आली. माठ चढला तशी आणखी आली. धोंडा चढला आणि विसोबाचे पाय जमिनीला लागले. पोरं निसटून पळत होती, त्यांना धरून बसायला शिदबाही चढला. विसोबा सरळ झाला, अगदी पाटासारखा. कड्यावर सगळ्यांनी माना डोलावल्या.

"साहेब," विसोबा हळूच म्हणाला, "मी सरळ आहे. पण माझे पाय मातीत रुतत चाललेत."

"तोल माझ्याकडं आहे," तोलसाहेब म्हणाले. "ओझं दुसऱ्या खात्याकडं."

"ते खातं कुठं आहे?"

"अजून निघायचंय."

विसोबानं पाय उपटले, कड्याच्या टोकापर्यंत गेला आणि डोळे मिटून उडी मारली. त्यानं डोळे मिटले ते शिकलेला होता म्हणून नव्हे.

पहिल्यांदा सगळे नुसते खाली गेले. मग पंखांनी हवा धरली आणि कावड तरंगायला लागली. मागं कड्यावर सनई वाजत होती, राजा डोळ्यांवर पंजा आडवा धरून बघत होता.

आता हौसाला रडू आलं. माहेर लांब जाताना दिसत होतं ना. ती हाऱ्याच्या मागच्या काठावर रेलली आणि हुंदका दिला. हुंदक्यासरशी शेपूट खाली गेली. हुंदका ओसरला, शेपूट वर आली. विसोबा असा लाटेवर बसल्यासारखा खाली-वर चालला.

"हौसे, बाळा, जरा आत सरकून रड," आजी म्हणाली.

"आत सरकलं की आई दिसत नाही," हौसा म्हणाली आणि आणखी मागं रेलली.

तेवढ्यात मागच्या हाऱ्यातून मधाचा वास सुटला. शिदबाच्या पोरांनी नाकं वर केली. आणि एकामागून एक बांबूवर चढून, विसोबाच्या पाठीवरून पळत ती मागं निघाली.

"अरे, मागं नका जाऊ," शिदबा ओरडला. "आपलं बीळ जाईल."

पोरांना बीळ म्हणजे काय, रोजचंच. मध रोज नव्हता.

पुढचा हारा हलका झाला. विसोबाची चोच वर फिरली. कड्यावरची सनई मधेच थांबली. शिदबानं वळून बघितलं. राजा उभा राहिला होता.

गोजानं मात्र शिदबासारखी विनवणी केली नाही. तिनं नुसतं एवढंच म्हटलं, अगदी हळू, "बरं. मग उरलेला साप आम्ही दोघंच खातो."

गेली होती त्याच्या दुप्पट वेगानं पोरं परत आली. दोनचार शेजारच्यांचीही आली, ती कधी चढली होती कुणास ठाऊक. विसोबा सरळ झाला. कड्यावर राजा खाली बसला, सनई पुन्हा सुरू झाली. साप मुळात नव्हताच, पण ते पोरांना नंतर कळलं.

असं निम्मी दरी झाली. आणि विसोबा म्हणाला, "मंडळी, मी दमलो."

दरीच्या मधोमध एक उंच टेकाड होतं. चारी बाजूंनी तुटलेलं, वर सपाट, मधे एक उंबर आणि एक झरा. तिथं आजवर कुणी गेलं नव्हतं, कारण आजवर कुणाला तिथं जायचंच नव्हतं. विसोबा तिथं उतरला. उतरला म्हणण्यापेक्षा सांडला म्हटलेलं बरं. हारे टेकले, गाठोडी गडगडली, मधली चिचुंद्री बाहेर आली आणि म्हणाली, "पोचलो का?"

"नाही," विसोबा म्हणाला. "ओझं कमी झाल्याशिवाय मी उठणार नाही. काहीतरी इथं ठेवा."

सगळ्यांना हे मान्य झालं. चिचुंद्र्या म्हणाल्या, जातं ठेवा. हौसा म्हणाली, चूल ठेवा. गोजा म्हणाली, "ज्यांच्यामुळं ओझं झालं त्यांना ठेवा," आणि कुणाकडं बघायचं नाही म्हणून फणसाकडं बघितलं.

शेवटी आजीनं तोंड उघडलं. "पाठवणीतलं असं टाकून जायचं नसतं. अपशकुन होतो." मग थोडं थांबून म्हणाली, "खाल्लं तर चालतं."

झालं. गोजाची चूल बरोबर होतीच. माठात पाणी होतं. खलबत्ता होता, पाटा होता. तिनं कंद भाजले, फणसाची भाजी टाकली, केळी मधात परतली. टेकाडावर साप भरपूर निघाले, त्यामुळं पोरांचं वेगळं बघावं लागलं नाही. विसोबाला गेल्या पावसाळ्यापासून कुणी गरम वाढलं नव्हतं. तो दोन घास खायचा, डोळे टिपायचा आणि म्हणायचा, "वहिनी, हलकं वाटतंय हो आता."

सगळ्यांनाच हलकं वाटत होतं. गाठोडी रिकामी झाली होती ना. ती गेली कुठं, याचा विचार कुणी केला नाही. आणि केला असता तरी काय? पोटात काहीही असो, हौसा एकच कोहळा.

हौसाचं रडणं थांबलं. टेकाडावरून माहेर दिसत नव्हतं, म्हणून तिला मागं बसायचं काही कारण राहिलं नाही. ती जेवून उठली, जवळचा हारा बघितला, त्यात गोजाची गोधडी होती, तिच्यावर पडली आणि घोरायला लागली. तो पुढचा हारा होता.

"आता हिला उचलायची कुणी?" शिदबानं विचारलं.

झोपलेल्या अस्वलिणीला उचलायला दुसरी अस्वलीण लागते. आणि दुसरी अस्वलीण मागच्या हाऱ्यात जात्याला टेकून झोपली होती.

विसोबा उभा राहिला. पुढं हौसा. मागं आजी आणि जातं, ती दोन्ही मिळून बरोबर हौसाएवढी भरली. चोच सरळ, शेपूट सरळ. अशी नेटकी कावड विसोबाच्या पाठीवर जन्मात बसली नव्हती. चिचुंद्र्या दोन-दोन बसल्या.

"शिदबा, तुमचा संसार काही आता मावायचा नाही," विसोबा म्हणाला. "यांना पोचवतो आणि संध्याकाळी तुम्हाला न्यायला येतो. चालेल ना?"

चालणार नव्हतं. गोजा शिदबाकडं बघत होती. शिदबाच्या ओठापर्यंत तो शब्द आला.

"चालेल की," शिदबा म्हणाला.

विसोबा उडाला. पल्याडच्या माळावर असा अलगद उतरला, की हौसाची झोपही मोडली नाही. सासरच्या माणसांनी झोपलेली नवरी उतरवून घेतली आणि सगळी म्हणाली, "किती शांत पोरगी आहे."

मग विसोबा माघारी कड्यावर आला. राजानं विचारलं, "कावड कलली का?"

विसोबा म्हणाला, "महाराज, जाताना थोडी..."

"हिशेबाप्रमाणं कलली नाही," तोलसाहेब म्हणाले. "तीन नि तीन. ती दरीच्या मधे थांबली, ते माझ्याच योजनेत होतं. लांबच्या मुलखात मधे थांबायची पद्धत आहे."

राजा खूश झाला. त्यानं तोलसाहेबांना शालजोडी दिली आणि बसायला जागाही दिली. कड्याखालचं बीळ तेव्हा रिकामंच दिसत होतं. चूल नाही, माठ नाही, दाराची पायरीसुद्धा नाही. राजाला वाटलं, मुंगूस सोडून गेला. तिथं तोलसाहेबांची कचेरी झाली.

संध्याकाळी विसोबा टेकाडावर आला तो मान खाली घालून. "शिदबा, कावड कलली नाही असं ठरलं. पण बीळ गेलं."

शिदबा मटकन धोंड्यावर बसला. त्याला वाटलं, आता गोजा बोलणार. तो कान पाडून वाट बघत राहिला.

गोजा म्हणाली, "विसोबाभाऊजी, उद्या कावडीत कोण आहे?"

"रानडुकराच्या घरची मंडळी. बारशाला चाललीत."

"सामान?"

"त्यांनी सांगितलंय, काही नाही."

"मग दुपारी इथं थांबणारच तुम्ही," गोजा म्हणाली आणि टेकाडावरची बिळं बघायला निघाली.

बिळं हवी तेवढी होती. सगळी खडकातली, कोरडीठाक. कितीही पाऊस आला तरी पाणी चारी बाजूंनी खाली दरीत. गोजानं आपल्यासाठी एक पसंत केलं, पोरांसाठी एक, आणि एक सासूबाई आल्याच तर म्हणून, जरा लांबचं.

दुसऱ्या दिवशी रानडुकराची मंडळी सांडली. त्यांच्या "काही नाही"मधून रताळ्यांचा ढीग निघाला. गोजानं चूल पेटवली. तिसऱ्या दिवशी सशांचं वऱ्हाड सांडलं, मग माकडं, मग पल्याडचे हरणाचे पाहुणे परतीच्या वाटेवर. प्रत्येकाचं वजन एक कोहळा, प्रत्येकाची पुरचुंडी एवढीशी. मग सगळे जेवायचे, हलके व्हायचे, आणि उरलेलं गोजाकडं ठेवून पुढं जायचे. जे मान्य करत नव्हते की आपण जास्त आणलंय, ते तर सगळ्यात जास्त ठेवून जायचे, म्हणजे कुणाला दिसायला नको.

शिदबाला इथं कुणाला नाही म्हणायची गरजच पडली नाही. कुणीही काहीही दिलं की "ठेवा की" म्हणायचं, एवढंच काम. या कामात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता.

होता होता गोजाच्या हातच्या फणसाच्या भाजीची ख्याती दोन्हीकडं पसरली. लोक मुद्दाम जास्त सामान घेऊन निघायला लागले, विसोबानं थांबावं म्हणून. एकदा वाघीण स्वतः आली, मेहुण्याला घेऊन. दोघंही एकेक कोहळा. मेहुणा पोटभर जेवला, ढेकर दिली आणि म्हणाला, "माझ्या अंगातले काटे गेले." वाघीण घरी जाऊन राजाशी पहिल्यांदाच गोड बोलली. राजानं त्याच दिवशी हुकूम काढला, की टेकाड, त्यावरची बिळं, उंबर आणि झरा हे सगळं शिदबा मुंगसाच्या घराण्याला कायमचं दिलं, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक कावडीनं तिथं थांबलंच पाहिजे.

त्या पावसाळ्यात सगळं रान भिजलं. शिदबाच्या घरात मात्र कणग्या काठोकाठ होत्या, मधाची गाडगी उतरंडीला लागली होती, आणि धाकट्या पोरांनी डोळे उघडले ते भाजलेल्या रताळ्यांच्या वासानं. पोरी मोठ्या झाल्या तशी दोन्ही काठांवरून मागण्या आल्या. गोजानं एकही लेक लांब दिली नाही. जावयांनाच टेकाडावर आणून ठेवलं. आणि सगळी माणसं, सुना-नातवंडांसकट, रोज पोटभर जेवून कोरड्या जागी झोपू लागली.

तात्पर्य: बाळांनो, प्रवासाला निघताना आपलं ओझं कधीही खरं सांगू नये. सगळेच खरं सांगायला लागले, तर वाटेत चूल मांडून बसलेल्या गरिबाच्या पोराबाळांनी खायचं काय?